सुकलाल मिस्त्रीचा पोटशूळ

सुकलाल मिस्त्रीला कुणी विचारलं असतं, की बाबा, तुला दुखतंय तरी कुठं, तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मला काहीएक झालेलं नाही. खरं म्हणजे त्याच्या पोटात दुखत होतं आणि हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुखण्याचं कारण शेजारच्या अंगणात चार चाकांवर उभं होतं.

बुऱ्हाणपुरातल्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, सुकलाल पंचवीस वर्षं इंजिनावर होता. शाळा चौथीतच सुटलेली, पण यंत्राची नाडी हातात. केळीच्या मळ्यातला पंप बंद पडो, की गोटूची पिठाची चक्की अडो, गावाचं एकच म्हणणं असे, "सुकलालले बोलवा." बोलावणं आलं की हा लगेच उठत नसे. आधी पान लावायचा, ते सावकाश चघळायचा, मग टोपी घालायचा. तेवढा मान तो वसूल करून घेई. बाकी आयुष्यात त्याला दुसरा मान होता कुठं?

शेजारचा वामन मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचा. दोघं एका पाटीवर धुळाक्षरं गिरवलेले. लहानपणी वामनच्या सायकलची चेन निसटली, तरी ती सुकलालनंच बसवायची. वामनला साधा खिळा सरळ ठोकता येत नसे.

सन एकोणपन्नासचा उन्हाळा होता. संस्थानं एकामागून एक विलीन होत होती आणि राजांबरोबर त्यांचे कारभारीही चंबूगबाळं आवरत होते. अशाच एका लहानशा संस्थानाच्या कारभाऱ्याच्या मुलाला वामननं गणितात पास करून दिलं होतं. कारभारी इंदूरला निघाला, तेव्हा त्याच्या गोठ्यात एक छोटी विलायती मोटार तीन वर्षं मरून पडली होती. तो म्हणाला, "मास्तर, भंगारात देण्यापेक्षा तुम्हीच घेऊन जा." मोटारीबरोबर तिचं जाडजूड इंग्रजी पुस्तकही त्यानं दिलं.

ती मोटार गावातल्या शनवारा भागातून आली ती बैलजोडी जुंपून. वामन आत सुकाणू धरून बसलेला आणि पुढं दोन बैल. लोक पोट धरधरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो सुकलाल. घरी येऊन त्यानं पान लावलं आणि टोपी खुंटीवरून काढून जवळ ठेवली. आता बोलावणं येणारच होतं.

बोलावणं आलं नाही. चार दिवस गेले, आठवडा गेला. वामन शाळेतून यायचा, धोतर खोचायचा, अंगणात पुस्तक उघडं ठेवायचा आणि एकेक नट खोलून बायकोच्या, मालतीच्या, परातीत मांडायचा. सुकलाल आपल्या ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून ओळखायचा, की आता चुकीचा पाना लावला, आता नटाचे आटे मारले. ऐकताना त्याचे हात शिवशिवत.

"काहून असे येरझाऱ्या घालून राहिले?" त्याची बायको रंभाबाई म्हणाली. "जा नं, पाहून या गाडी."

"बोलावलं काय त्यानं मले?"

"शेजारी आहे तो. पत्रिका पाठवीन काय तुमाले?"

"काखेत कळसा अन् गावाले वळसा," सुकलाल करवादला. "घराशेजारी मिस्त्री बसला आहे अन् हा पुस्तकं वाचून राहिला. वाच म्हणा. उंटावरचा शहाणा!"

पण उंटावरच्या शहाण्याला हळूहळू जमू लागलं, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. इंजिनाच्या डोक्याखालची तांब्याची पट्टी कडक होऊन गेली होती. नवी मिळायला मुंबई गाठावी लागली असती. वामननं पुस्तकात वाचून ती मालतीच्या चुलीत लालबुंद केली आणि पाण्यात बुडवली. तांबं लोण्यासारखं मऊ झालं. पंख्याचा पट्टा त्यानं मोच्याकडून म्हशीच्या चामड्याचा शिवून घेतला. दसऱ्याच्या सकाळी त्यानं हँडल मारलं, मोटार दोनदा खोकली आणि चालू झाली.

दरवर्षी दसऱ्याला लोक जिनातल्या इंजिनाची पूजा पाहायला येत. सुकलाल त्याला झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, खोबरं वाटायचा. त्या वर्षी खोबरं उरलं. अर्धी आळी वामनच्या अंगणात होती.

मग तर 'मास्तरले विचारा' हाच मंत्र झाला. एकदा जिनाच्या शेठची मोठी गाडी जिनाच्याच फाटकात बंद पडली. वीस पावलांवर सुकलाल तेलाचं फडकं हातात घेऊन उभा होता. शेठनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा, आणि गड्याला सांगितलं, "जा, वामन मास्तरांना शाळेतून घेऊन ये." वामन आला, त्यानं आतला एक काटा बारीक काचकागदानं घासला आणि गाडी सुरू केली. जाताना हसून म्हणाला, "काय सुकलाल, बरं आहे ना?" सुकलालच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

एकच गोष्ट त्याला गोड लागायची, ती म्हणजे मोटारीचं पाणी. वामनच्या गाडीचा रेडिएटर थोडा गळका होता, कथलाचा डाग देऊनही रोज अर्धी कळशी पाणी पिई. आणि वामन त्यात भंडाऱ्याचं पाणी घालायचा. शहराबाहेरच्या जुन्या कुंड्यांतून भुयारानं येणारं हे पाणी म्हणजे बुऱ्हाणपूरचा अभिमान. आम्ही पाहुण्याला आधी ते पाजतो आणि मग त्याचं नाव विचारतो. वामन म्हणायचा, "तापीचं पाणी गढूळ, गाळ बसायचा. हे पाहा, काचेसारखं आहे."

आता या काचेसारख्या पाण्याचा गुण गावात एकट्या सुकलालला माहीत होता. नवशिका असताना त्यानंही हौसेनं जिनाच्या इंजिनाला हेच पाणी पाजलं होतं. हे पाणी तापलं की चुना सोडतं. वर्षभरात इंजिनाच्या पाण्याच्या वाटा पांढऱ्या दगडानं बुजल्या होत्या आणि त्याची नोकरी जाता जाता राहिली होती. तेव्हापासून तो जिनाच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी हौदात साठवून वापरायचा. घराघरांतल्या चहाच्या पातेल्यांवर तीच पांढरी पुटं चढायची, बायका ती विटेनं घासून टाकायच्या, पण पातेल्यावरून मोटारीवर जाईल एवढी अक्कल कुणाला?

सुकलालला होती, आणि तो गप्प बसला. रोज सकाळी ओट्यावरून तो ती कळशी रिकामी होताना पाहायचा आणि मनात म्हणायचा, पाज बेट्या, आणखी पाज. एक दिवस पुस्तक मिटशील आणि माझ्या दारात येशील. तेव्हा मी आधी पान लावीन. या विचारानं त्याला इतकं बरं वाटायचं, की पुढंपुढं चहाच्या आधी त्याला ती कळशी लागायची.

महाशिवरात्रीला वामननं असीरगढच्या किल्ल्यावरच्या महादेवाला जायचं काढलं. गाडी पुसून उभी केली आणि हाक मारली, "सुकलाल, चल रे! वहिनींनाही घे. मागची जागा रिकामीच आहे."

"इंजिन कोण पाहीन?"

"आज जिन बंद आहे."

"तरी पण," सुकलाल म्हणाला.

रंभाबाई मात्र नवं लुगडं नेसून तयारच होती. तिला कधी कुणी मोटारीत बसवलं नव्हतं. ती मालतीशेजारी बसली, पदर सावरला आणि नवऱ्याकडं पाहून हसली. तेव्हा सुकलालला रेडिएटरच्या तोंडाशी पांढरी कड दिसली. असीरगढचा चढ त्याच्या डोळ्यांपुढं आला. तो ओट्यावरून उतरला.

"वामन, ते पाणी..."

"भरलं आहे! भंडाऱ्याचंच. वर दोन कळश्या सोबत घेतल्यात. तू नको काळजी करू, पुस्तकात सगळं दिलेलं आहे."

पुस्तक हा शब्द ऐकला आणि सुकलालनं वाक्य तिथंच सोडलं. तो दोन पावलं मागं सरला. गाडी गेली.

दुपारी ती तिघं कापसाच्या बैलगाडीतून परत आली. चढावर इंजिन भट्टीसारखं तापलं होतं. वामननं धोतराचा सोगा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळत्या पाण्याचा फवारा उडाला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रंभाबाई शेजारी कळशी धरून उभी होती, तिच्या मनगटावर तीन मोठे फोड आले होते.

मोटार पुन्हा बैलांनीच ओढून आणली. आणि दुसऱ्या दिवशी मालती दारात आली. "भाऊजी, ह्यांनी बोलावलंय तुम्हाला."

सुकलालनं पान लावलं नाही. टोपीही घातली नाही.

वामनच्या अंगणात जाऊन त्यानं इंजिनाचं डोकं खोललं. आतल्या वाटांत पांढरा दगड होता, बोट जाईल एवढीही जागा उरली नव्हती. फाटकाबाहेर आळी गोळा झाली. त्यानं रंभाबाईला चिंच उकळायला सांगितलं. चिंचेच्या पाण्यानं चुना सुटतो. वामन हात गळ्यात बांधून बाजेवर बसला होता.

"तुला आधीच बोलवायला हवं होतं," तो म्हणाला. "पण खरं सांगू? तुला बोलावलं असतं, तर गाडी तुझी झाली असती. मी आपला पाने देत उभा राहिलो असतो, चेन बसवताना राहायचो तसा. एकदा तरी आपल्या हातानं काही करावं वाटलं." मग त्यानं विचारलं, "कशानं झालं हे?"

"भंडाऱ्याच्या पाण्यानं."

"अरे देवा! हे तुला आत्ता कळलं, होय ना?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण फोड आलेल्या मनगटाला तूप लावून रंभाबाई रात्रभर फुंकर घालत बसली होती, आणि सुकलाल शेजारी जागा होता.

"मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "तुह्या नावानं जळत होतो मी. म्हणून नाही सांगितलं."

वामननं फाटकाबाहेरच्या गर्दीकडं पाहिलं. मग हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "वहिनी गाडीत बसल्या, तेव्हाही माहीत होतं?"

सुकलालनं मान वर केली. रंभाबाई चिंचेचं पातेलं घेऊन पायरीशी उभी होती. ती कधी आली हे त्याला कळलंच नव्हतं. तीही उत्तराची वाट पाहत होती.

"हो," तो म्हणाला.

रंभाबाईनं पातेलं पायरीवर ठेवलं. एक थेंब सांडू दिला नाही. "आणखी लागली तर मालतीताईपाशी मागा," एवढंच म्हणून ती आपल्या घरात गेली आणि तिनं दाराला आतून कडी घातली.

सुकलाल पातेलं उचलून चिंचेचं पाणी त्या बुजलेल्या वाटांत ओतू लागला. फाटकाबाहेरून गोटू चक्कीवाला मोठ्यानं म्हणाला, "पाहा, मी नव्हतो म्हणत? शेवटी सुकलालच लागतो भाई! हे दुसऱ्या कोणाच्या बापाले नाही जमत." लोकांनी माना डोलावल्या. आठ-नऊ महिने ज्यासाठी तो झुरला होता ते शब्द हेच, आणि सुकलालनं वर पाहिलं नाही.