वादळाच्या आधी पोहोचलेला माणूस

आभाळात बोटभर ढग दिसला की आमचे शेजारी काका गाडीची किल्ली घेऊन अंगणात उभे राहत आणि मला विचारत, "सर, आभाळ पाह्यलं का?" नाही म्हटलं तर त्यांना माझी कीव येई. हो म्हटलं तर, "मंग बसून काऊन राह्यले?"

काका मोताळ्यात लाईनमन होते. तीस वर्षं लोकांची उडालेली छपरं आणि आडवे झालेले खांब बघण्यात गेली. "नेहमी वादळ गेल्यावरच पोचलो, सर. आता एकदा तरी त्याच्या आधी पोचाचं हाय," असं ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली. ढग आले की ती आमच्या शाळेच्या मैदानावर जाई, कारण शाळा टेकाडावर. गारांसाठी तिच्यावर चार गोधड्या, वरून नायलॉनचा दोर. एवढं करून काका भिजत घरी येत, कारण छत्री गाडीत राहिलेली असे. मला त्या गाडीत दोनदा बसायला मिळालं, दोन्ही वेळा चपला हातात घेऊन. वाटेत उपदेश फुकट: "पाण्यात गाडी कधी चालू नाही कराची. केली का इंजिन मेलंच समजा."

घर नाल्याकाठचं. तिकडचं मागचं दार त्यांनी विटांनी बुजवून टाकलं. खिडक्यांचे गज भिंतीत वीतभर आत गाडले. आमच्या छपराच्या टिनांवर दगड, त्यांच्या टिनांना नटबोल्ट. "तुमचे दगडं कोन्या दिवशी तुमच्याच डोक्यात येतीन. माह्यं टिन आता यमाच्या बापालेबी निघत नाही." खरं सांगतो, मला त्यांचा राग यायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याचं सगळं बरोबर असतं आणि म्हणूनच तो नकोसा होतो.

दरवर्षी ते दाराच्या आतून वाळूची पोती रचत. तीन वर्षांपूर्वी वाळू काही मिळाली नाही. घरात सोयाबीनची पोती होती, तीच काकांनी दाराला लावली, छातीइतकी उंच. "पोतं ते पोतं," म्हणाले.

श्रावणातल्या एका दुपारी वर डोंगराकडे ढगफुटी झाली. काकांनी सकाळीच गाडी टेकाडावर नेली होती आणि दारंखिडक्या लावून ते निवांत बसले होते. नाला फुगला, गल्लीत पाणी आलं. दारातून एक थेंब आत गेला नाही. पाणी आलं न्हाणीच्या मोरीतून, उलटं.

तासा-दोन तासांत सोयाबीन फुगलं. पोती टम्म होऊन दार आणि समोरची आडवी भिंत यांच्यात अशी ठासली की दार जागचं हलेना. आत काका आणि काकू. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, त्या दिवाणावर पडून, आणि पाणी दिवाणाला लागलेलं.

आम्ही पाच जणांनी दाराला खांदे लावले. काही नाही. दोघं छपरावर चढले, तर बोल्ट हलेना.

"काका, पाना कुठंय?"

"घरातच हाय ना बे, पोत्यांखाली!" आतून आवाज आला.

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी काकूंचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं.

मग खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. हातात किल्ली. "सर, गाडी आना. गजाले दोर बांधा अन् ओढा."

"काका, गल्लीत गुडघाभर पाणी आहे."

"मले काय सांगता? आना म्हणतो ना!" मग तोच आवाज एकदम बारीक झाला. "तिले पोहता येत नाही, सर. तिले उठतासुद्धा येत नाही."

मी टेकाडावर धावलो. गोधड्या चिखलात फेकल्या, चिखलाच्या पायांनीच गाडीत बसलो आणि ती पाण्यात घातली. गजाला दोर बांधला. पहिल्या हिसक्याला दोर ताणला, दुसऱ्याला मागचा बंपर वाकडा झाला. इंजिन गुरगुरायला लागलं. "थांबू नका! द्या जोर!" काका आतून ओरडत होते. तिसऱ्या हिसक्याला गज चौकटीसकट बाहेर आले आणि त्याच क्षणी गाडी बंद पडली. ती पुन्हा चालू झाली नाही.

काकूंना आम्ही खिडकीतून हातांवर बाहेर काढलं. पाठोपाठ काका आले. सगळ्या गल्लीचं लक्ष होतं, आता हे गाडीकडे बघून काय बोलतात. काकांनी गाडीकडे पाहिलंच नाही. शाळेच्या व्हरांड्यात काकूंजवळ उकिडवे बसले आणि शर्टाच्या बाहीने त्यांचे पाय पुसत राहिले. "थंडी वाजून राह्यली का?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. भर गल्लीसमोर ते रडले. मीही रडलो.

पूर ओसरल्यावर सगळं दुरुस्त झालं, ती खिडकी सोडून. गवंडी तीनदा आला, तीनदा काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "राहू द्या," म्हणत, "एखादी वाट मोकळी पाह्यजे."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. आभाळ निरभ्र होतं, साधा ताप होता. काकू आता त्या खिडकीशी बसून भाजी निवडतात. पाऊस आला की पाणी सरळ आत येतं. मी म्हटलं, "काकू, आता तरी खिडकी बसवून घेऊ." त्यांनी फरशी पुसायचं फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "येऊ द्या ना सर. पुसते मी."