जेवले का समदे?

माइक चालू आहे की नाही हे बघायला सगळं जग 'हॅलो, हॅलो' म्हणतं. आमच्या डोंगरकड्याचा मुंजाजी म्हणायचा, "जेवले का समदे?" लग्न असो, सप्ताह असो की निवडणुकीची सभा, चिंचेच्या झाडावर भोंगा बांधून झाला, तारा जोडून झाल्या, की हा माइक तोंडाशी धरून अख्ख्या गावाची विचारपूस करायचा. आणि गाव उत्तर द्यायचं. गोठ्यातून कुणीतरी "न्हाई अजून" म्हणून ओरडायचं. एखादी म्हातारी ओट्यावरून विचारायची, काहून, आणून देतो का? यातलं काही त्याला चिंचेखाली ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो क्षणभर थांबायचा, ऐकल्यासारखा हसायचा आणि मग गाणं लावायचा.

मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. त्यापेक्षा जास्त मला हौस होती ती लग्नात मंगलाष्टकं म्हणायची आणि माइकवर आहेर पुकारायची. कोणी कोणाला टोपी दिली, कोणी लुगडं दिलं, हे मी अशा आवाजात सांगायचो की जणू राज्यच दान दिलंय. एकदा भरात येऊन नवरदेवाऐवजी त्याच्या थोरल्या, दोन लेकरांचा बाप असलेल्या भावाला बोहल्यावर येण्याची विनंती केली. त्याची बायको पंगतीतून खरकट्या हातानं उठून आली होती. मुंजाजीनं तेवढ्यात सनई लावली म्हणून वाचलो. माझ्या तोंडातून काही भलतंच निघालं की सनई लावायची, ही आमची न बोलता ठरलेली रीत.

फक्त एकदा त्याची सनई कामाला आली नाही. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. लग्न लागलं होतं, आहेर सुरू होते. मुंजाजीनं नेहमीप्रमाणे सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्याला. प्रत्येक लग्नात मी हे बघत आलो होतो आणि प्रत्येक लग्नात माझी जीभ वळवळत होती. त्या दिवशी मी वाकलो आणि अगदी हळू, त्याच्या कानाशी विचारलं, "मुंजाजी, ही गोळी येडाची आहे म्हणतात. खरं का रे?"

हळूच विचारलं. पण माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. माझा तो प्रश्न चिंचेवरून निघाला आणि गावावरून फिरून पार वेशीबाहेर गेला.  वाढपी हातात भाताची बादली धरून उभे राहिले. मुंजाजीचा हात बटनाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यानं माझ्या हातातून माइक काढून घेतला.

"व्हय. डोक्याची गोळी हाय," तो म्हणाला. "मी गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसलो व्हतो, ते तुमी समद्यांनी बघितलं. आता गोळीवर उभा हाय. आणखी कोणाला काय इचारायचं असंल तर घरी या. ह्या सरांवानी माइकवर इचारू नका." मग जरा थांबून, "जेवले का समदे?"

मांडव हसला. मी आहेराची पिशवी तोंडापुढे धरून उभा.

गोठ्यात बसण्याची गोष्ट खरी होती. त्या लग्नाच्या काही वर्षं आधी मुंजाजी दीड-दोन वर्षं कोणाशी बोलला नव्हता. भोंगे माळ्यावर गंजत पडले होते. बायको कौसाबाई ताटात भाकर कुस्करून पुढे ठेवायची, तो दोन घास खायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. थोरला भाऊ केरबा त्याला अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे घेऊन गेला, कोंबडं झालं, लिंबं झाली. शेवटी भोंगे तरी विकून टाकू म्हणून केरबानं त्याला नांदेडला ज्या सरदारजीकडून सामान घेतलं होतं, त्याच्या दुकानात नेलं. सरदारजीनं सामानाकडे बघितलंच नाही. मुंजाजीकडे बघितलं आणि म्हणाला, "सामान ठीक है. आदमी की बैटरी डाउन है. डाक्टर को दिखाओ." त्याचा स्वतःचा पुतण्या नांदेडातच डोक्याच्या एका डॉक्टरकडे जात होता, त्याचाच पत्ता दिला.

गोळ्या सुरू झाल्या. महिना-दीड महिन्यानं मुंजाजी कौसाबाईला म्हणाला, "भाजीत मीठ कमी हाय." कौसाबाई मला हे सांगायची तेव्हा दरवेळी पदर डोळ्याला लावायची. इतक्या दिवसांत त्यानं मीठ कमी की जास्त, काही सांगितलं नव्हतं.

बरं झाल्यावर आता गोळी कशाला, हा प्रश्न त्याला अर्ध्या गावानं विचारला. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "दिवा लागलेला दिसून राहिला म्हणून कोणी बटन बंद करतं का?" एवढं बोलून तो तारेला चिकटपट्टी गुंडाळत बसायचा.

त्या लग्नानंतर लोक खरंच त्याच्या घरी येऊ लागले. उघड नाही. कोणी दळणाच्या निमित्तानं, कोणी बैल बघायला. तांड्यावरची एक बाई तर लेकाच्या लग्नाला भोंगा ठरवायला आली, आणि लेक होता पाळण्यात. मुंजाजी सगळ्यांना नांदेडच्या दवाखान्याची खूण सांगायचा. आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एक मास्तर आपला रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला.

तो मास्तर मी. माझं काय झालं होतं ते सांगायला मला अजून जमत नाही. एवढंच, की वर्गात कविता शिकवताना पुढचा शब्द काय हे आठवायचं नाही, आणि आठवला तरी म्हणावासा वाटायचा नाही. मुंजाजीनं रेडिओ उघडला, आत बघितलं, फुंकर मारली, परत बंद केला.

"रेडिओ बराबर हाय, सर. तकलीफ कोणाला हाय?"

त्याच डॉक्टरकडे तो मला घेऊन गेला, आणि तेव्हापासून माझ्या गोळ्याही तोच नांदेडहून आणायचा. मी त्या पावडरच्या डब्यात लपवायचो. हा माणूस या वयात कोणासाठी एवढी पावडर लावतो, म्हणून बायको बरेच दिवस संशयात होती. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, त्यापेक्षा एखादी बाई परवडली असती, निदान गावाला सांगता आलं असतं. पण पुढं तीच रोज पाण्याचा ग्लास आणून ठेवायची, दार लावून. मुंजाजी घ्यायचा चारचौघांत आणि मी दाराआड. तो यावरून मला कधी काही बोलला नाही. फक्त पाकीट देताना म्हणायचा, "घ्या, पावडर."

मग त्याच्या लेकीला, रेणुकाला, कुरुंद्याचं स्थळ आलं. हळदीची शेती, मुलगा शिकलेला, घर माळकरी. सगळं जुळलं आणि साखरपुड्याच्या आधी मुलाच्या वडिलांनी अगदी सौम्यपणे केरबाला विचारलं, की व्याही कसलंसं औषध घेतात म्हणे? पोरीत तसलं काही उतरायचं नाही ना? केरबा घाबरला. घाबरलेला माणूस बोलतो तसं बोलून गेला, की औषध नाही, सवय आहे, सुटत आलीय. मग व्याह्यांनीच वाट सुचवली. नरसीला सप्ताह आहे, तिथं लोक कीर्तनकार बुवांच्या हातून माळ घालतात आणि आपलं व्यसन देवापुढं ठेवतात. तिथं ठेवा. आमचं काही म्हणणं नाही.

मुंजाजी तयार झाला. मी त्याला म्हणालो, वेडा आहेस का. शब्द निघून गेल्यावर कळलं, पण सनई लावायला कोणी नव्हतं. त्याला त्याच्याच दिव्याची आणि बटनाची आठवण करून दिली. तो तारेचं वेटोळं करत होता.

"सर, पोरीचं होऊ द्या. मंग लावू पुन्हा बटन."

नरसीला मी सोबत गेलो. कीर्तन झाल्यावर माणसं रांगेनं पुढे येत होती. देवापुढच्या सतरंजीवर तंबाखूच्या पुड्या, विड्यांची बंडलं, एकाची तर पितळी चुन्याची डबी. त्यात मुंजाजीनं आपलं पाकीट ठेवलं. चांदीसारखं चकाकत होतं. बुवांनी तिकडे बघितलंही नाही, त्यांच्यापुढे मोठी रांग होती. माळ घातली, डोक्यावर हात ठेवला. व्याही जवळच उभे होते, त्यांनी मान हलवली. केरबाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या खिशात माझं पाकीट होतं, मी त्यावर हात दाबून उभा होतो.

सुरुवातीला त्याला चक्कर यायची. डोक्यात झटके बसतात, वायर लूज झाल्यावानी, असं म्हणाला. मग तेही थांबलं. लग्नात स्वतः भोंगा बांधला, स्वतःच विचारलं, "जेवले का समदे?" आवाज खणखणीत होता. केरबा प्रत्येकाला सांगत सुटला, बघा, गोळीवाचून कसा आहे. मलासुद्धा वाटलं, आपलंच चुकत असेल.

दिवाळीनंतर सांगायला आलेलं एक लग्न त्यानं घेतलं नाही. मग दुसरं. मग कौसाबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, भाजीबद्दल काही बोलेना झालेत.

तो गोठ्यात होता. भिंतीकडे तोंड. मी म्हणालो, रेणुका सुखात आहे, आता ठरल्याप्रमाणे बटन लाव. त्यानं गळ्यातल्या माळेला हात लावला.

"देवापुढं ठेवलेलं माघारी कसं उचलू, सर? माझं जाऊ द्या. पोरीच्या संसाराला लागंल."

याचं उत्तर ज्यांच्याकडे होतं त्यांना शोधत मी निघालो. बुवा नरसीहून दुसऱ्या सप्ताहाला, तिथून तिसऱ्या गावी गेले होते. गाठले. सगळं ऐकून त्यांनी हातातले टाळ खाली ठेवले. मग म्हणाले, "मी तंबाखू सोडा म्हणालो. दारू सोडा म्हणालो. औषध सोडा असं मी कोणत्या तोंडानं म्हणेन?" त्यांनी स्वतःच्या झोळीतून साखरेच्या आजाराच्या गोळ्या काढून दाखवल्या. म्हणाले, त्याला सांगा, माळ असू दे आणि गोळीही असू दे. सोमवारी मी स्वतः येतो.

मी धावत आलो आणि सांगितलं. मुंजाजीनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघितलं. "बुवा असं म्हणाले?" मी म्हणालो, शप्पथ. "मंग सोमवारी नांदेडला जाऊ," तो म्हणाला. कौसाबाईनं चहा टाकला. त्यानं तो सगळा प्याला. जवळ कोणी नसताना मी त्याला माझ्या पाकिटातली गोळी देऊ केली, तर म्हणाला, नको, बुवा येऊ द्या, त्यांच्यासमोर घेईन, चोरून नको.

तो रविवारीच गेला. कसा गेला ते मी लिहिणार नाही. गावानं ते पुष्कळ वेळा सांगितलंय.

बुवा सोमवारी आले, ते दारातच बसले.

तेराव्याला चिंचेवर त्याचाच भोंगा बांधला, वाकडातिकडा. दोन शब्द बोलायला अर्थातच मला उभं केलं. मी कागदावर मोठमोठे शब्द लिहून आणले होते. माइक हातात घेतला आणि सवयीनं आधी बघितलं, चालू आहे का. चालू होता. मी म्हणालो, "जेवले का समदे?" कुठूनही उत्तर आलं नाही. मी खिशातून पाकीट काढलं, गोळी तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्यालो. घोटाचा आवाज भोंग्यातून गेला. म्हणालो, ही मुंजाजीचीच गोळी आहे, मी कितीतरी वर्षं घेतोय, घरात दार लावून.  कागद तसाच राहिला.

आठेक दिवसांनी केरबा दारात आला. दाढी वाढलेली, हातात रेडिओ. बसायला सांगितलं तर बसला नाही.

"सर, हा वाजून न्हाई राहिला," तो म्हणाला.

मी रेडिओ घेतला, बटन फिरवलं. बाजारभाव चालले होते, हळदीचे. आवाज स्वच्छ होता. आम्ही दोघंही ते उभ्यानं ऐकत राहिलो. मग मी रेडिओ बंद केला, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि केरबाला म्हणालो, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ, मलाही नांदेडला जायचंच आहे.