सोन्याच्या पदकानंतर

“कलाकार लोक असेच रायतेत जी, जरा तापट,” जिजाजींचे मामा सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसून म्हणाले.

“हो जी,” मोठे बाबा म्हणाले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बाबा गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्या दिवशी माझ्या ताईला सासरी परत पाठवायचं की नाही हे ठरणार होतं, म्हणून ते खास बैलगाडीच्या वाटेने चालत आमच्याकडे आले होते. मी दाराआड पाण्याचे पेले घेऊन उभी होते आणि बाहेर जात नव्हते.

खरं तर ठरायचं काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात कढईतलं तेल तापलं होतं. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की शिदोरी सोबत जाते, आणि आईच्या शिदोरीत अनारसे हवेतच. अनारशांचे तांदूळ काही दिवस आधी भिजत घालावे लागतात. आईने ते आधीच्या आठवड्यात घातले होते. मी भांड्यावरचं झाकण उचलून पाहिलं होतं. जिजाजी आणि त्यांचे मामा ताईच्या सासरहून, कोहमाऱ्याहून निघायच्या कितीतरी आधी आईने आपलं उत्तर पाण्यात भिजवून ठेवलं होतं.

तिला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. मुलगी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच तिला कळत होतं.

ताई दिवाळीला आली होती आणि परत गेली नव्हती. कारण तिने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही; धान कापणीचे दिवस होते, घरात दोन हात जास्त होते, ते सगळ्यांना बरंच वाटलं. मी नागपूरहून सुट्टीला आलेली, त्यामुळे रात्री आम्ही एकाच खोलीत झोपायचो आणि मला जिजाजींचे फोन दिसायचे. व्हिडिओ कॉल. ताई फोन हातात धरून सावकाश फिरवायची: ही भिंत, ही खाट, हे दार, ही माझी बहीण. मग पुन्हा स्वतःचा चेहरा. शेजारच्या बाया म्हणायच्या, “किती जीव आहे वो जवायाचा.” ताई हसायची. मी लाजाळू म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे माझं गप्प राहणं कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचा एक फायदा म्हणजे पाहायला भरपूर वेळ मिळतो.

जिजाजी वाईट वाटत नाहीत. हेच अवघड होतं. कोहमाऱ्याला हायवेवर ते ट्रक रंगवतात, ढाब्यांच्या पाट्या लिहितात. नागझिऱ्याकडे एका रिसॉर्टच्या भिंतीवर त्यांनी काढलेला वाघ पाहायला लोक गाडी थांबवतात. आमच्या नात्यात मी काय शिकते हे विचारणारा तो एकच माणूस. बाकीच्यांना ‘कॉन्व्हेंटची पोरगी, इंग्लिशमध्ये काहीतरी करते’ एवढं पुरतं. जिजाजींनी दिवाळीत माझ्या शेजारी बसून विचारलं होतं, “काय मॅडम, कोणाचं चित्र पाहून राहिल्या?”

मी तेव्हा एका फिलिपिनो चित्रकारावर एम.ए.चा निबंध लिहीत होते. एकोणिसाव्या शतकातला. तिथे स्पेनचं राज्य होतं. तो जहाजावरचं शिक्षण घेतलेला मुलगा. समुद्र सोडून माद्रिदला चित्रकला शिकायला गेला, तिथून आपल्या गुरूच्या मागे रोमला. मी जिजाजींना लॅपटॉपवर त्याचं सर्वांत मोठं चित्र दाखवलं. रोमच्या आखाड्याखालचं तळघर, आणि लढाईत मेलेल्या गुलामांना दोरीने ओढत नेणारी माणसं. उजव्या कोपऱ्यात जमिनीवर एक बाई बसलेली, पाठमोरी.

जिजाजी स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, “ओढून राहिला तो माणूस... त्याच्या खांद्यात पाहा, केवढं वजन आहे.”

या चित्राला माद्रिदमध्ये सोन्याचं पदक मिळालं, मी सांगितलं. ज्यांचं राज्य त्यांच्याच शहरात. त्याच्या देशाच्या पोरांनी तिथे मेजवानी केली, भाषणं केली.

“आणि मग?”

“मग तो पॅरिसला गेला,” मी म्हणाले, आणि तेवढ्यात कोणीतरी फटाके आणायला जिजाजींना हाक मारली.

पुढचं त्या दिवशी राहून गेलं.

“अगं पाणी नेते का नाही?” आई आतून म्हणाली.

न्यायच्या आधी मी मागच्या खोलीत डोकावले. ताई पलंगावर बसली होती. बॅग भरलेली, पण उघडी.

“तुला जायचं आहे का?” मी विचारलं.

“नाही.” तिने बॅगेकडे पाहतच सांगितलं. “भीती वाटते मले. पण सांगू काय? मारत तर नाही. मारलं असतं तर सांगता आलं असतं.”

“मी सांगू?”

“तू?” ती हसली. मला त्या हसण्याचा राग आला नाही. मी दुकानात सुटे पैसे मागायलाही तिलाच पुढे करत आले होते.

सपरीत गेले तेव्हा मामा धानाच्या भावाबद्दल बोलत होते. मोठे बाबा मान हलवत होते. जिजाजी खाटेवर पाय खाली सोडून, पाहुण्यासारखे नीट बसले होते. नखांत निळा रंग. मला पाहून त्यांना बरं वाटलं असावं. त्या सपरीत त्यांच्याशी रंगांबद्दल बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

“या मॅडम. तुमच्या त्या चित्रकाराचं पुढे काय झालं, सांगितलंच नाही.”

“कोण चित्रकार?” मोठ्या बाबांनी विचारलं.

“आहे एक फॉरेनचा. खलाशी होता आधी. गोल्ड मेडल आहे त्याले,” जिजाजींनी जणू आपल्या ओळखीचा माणूस असल्यासारखं सांगितलं.

“सांग ना बाई,” मोठे बाबा म्हणाले. त्यांनाही विषय बदलायला हवा होता.

मी पेले वाटत वाटत सांगायला लागले, कारण हात कामात असले की मला बोलता येतं. “पॅरिसला त्याने लग्न केलं. त्याच्याच देशातल्या, मोठ्या घरच्या मुलीशी. मग त्याला तिचा संशय यायला लागला. तो तिच्या मागे मागे जायचा. भांडणं व्हायची. तिच्या माहेरचे म्हणाले, वेगळी करा. मग एक दिवस त्याने घरातच बायकोला आणि सासूला गोळ्या घातल्या. दोघी मेल्या.”

मामांचा पेला ओठांपाशीच थांबला.

“सासूले कायले?” आईने विचारलं. ती झारा हातात घेऊन दारात कधी आली होती मला कळलं नाही.

“ती मुलीच्या बाजूने उभी होती.”

“अन् त्याले फाशी झाली?” मोठे बाबा.

“सुटला. वकील म्हणाले, तिकडचे लोक गरम रक्ताचेच असतात. कोर्टाला पटलं.”

कढईत काहीतरी जळायला लागलं होतं, पण आई हलली नाही.

“पण बाईचं काही असन ना,” मामा म्हणाले. “उगाच कोणी कायले असं करन?”

पॅरिसच्या त्या कोर्टातही सगळी चर्चा बायको कशी होती याचीच झाली होती. ते वाचताना मी पुस्तक मिटून होस्टेलच्या गच्चीत जाऊन उभी राहिले होते. आता मिटायला काही नव्हतं.

जिजाजी माझ्याकडे पाहत होते. चिडलेले नव्हते. विचारात पडलेले. “मग चित्रं?” त्यांनी विचारलं. “त्यानंतर काढली का त्यानं?”

“काढली.”

“हं,” ते म्हणाले. “हात नाही गेला म्हणजे.”

दोन बायांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. मी रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिले.

“थे परदेशातलं हाय,” मोठे बाबा म्हणाले. “आपल्याकडं तसं नाही. आपण समोरासमोर बसून बोललो, झालं. जवाईबापू, राग जरा आवरत जा. पोरीचं बी थोडं चुकलं असन, दिवाळीले येऊन इतके दिवस कोणी रायते काय? चला, कोहमाऱ्याची गाडी निघून जाईन. बोलाव तिले.”

बोलवायला लागलं नाही. ताई आलीच. तिने पदर सारखा केला आणि खाटेच्या टोकाला बसली, कारण तेवढीच जागा मोकळी होती.

जिजाजी तिच्याकडे वळले. अगदी मऊ आवाजात, एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “इतका वेळ काय करून राहिली होतीस आत?”

“बॅग भरत होते,” ताई म्हणाली. आणि मग कोणी न विचारताच, घाईघाईने, “कोणी नव्हतं. ही येऊन गेली मधात, बस. खिडकी बंद होती. मी बाहेर पाहिलं बी नाही.”

मामांनी पाणी संपवलं. मोठे बाबा चपला शोधायला वाकले. त्या वाक्यात कोणाला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. जिजाजींनी नुसती मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. मी आईकडे पाहिलं. ती ताईकडे पाहत होती, आणि झाऱ्यातून तेलाचे थेंब तिच्या पायाजवळ सारवलेल्या जमिनीवर पडत होते.

माझे कान गरम झाले होते. शाळेत नाव पुकारलं की व्हायचे तसे. वाक्य आधी मनात नीट लावून घ्यावं अशी माझी सवय आहे, पण मोठ्या बाबांचा एक पाय चपलेत गेला होता.

“मोठे बाबा, बसा,” मी म्हणाले. “ताईले जायचं नाही. तुम्ही कोणी तिले विचारलंच नाही, म्हणून मी सांगून राहिली. तिले भीती वाटते जिजाजींची. ती जाणार नाही, आज नाही आणि कोणी न्यायला आलं म्हणूनही नाही.”