चेरीचा रस्ता

दरवर्षी न चुकता स्की रिसॉर्टला जाऊनही डोंगराच्या माथ्यावर एकदाही न गेलेली बाई कुणाला बघायची असेल, तर ती मी. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला याचा राग आहे, आणि या वयात तो कमी होईल असं काही दिसत नाही.

आम्ही राहतो त्या नोव्हाय गावाहून उत्तरेकडे निघालं की दुपारपर्यंत ती जागा येते. डोंगर म्हणायचं ते आमच्या मिशिगनमध्ये दुसरं काही नाही म्हणून. पुण्याची पर्वती उचलून इथे आणली असती तर तिच्यावरही या लोकांनी लिफ्ट बसवली असती. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती. नवऱ्याच्या ऑफिसातली मराठी कुटुंबं मिळून ठरलं होतं. जानेवारीतल्या लाँग वीकेंडच्या आसपासच संक्रांत असते, तेव्हा हळदीकुंकूही तिथेच उरकू, असं कुणीतरी सुचवलं, आणि तो पायंडाच पडला.

तेव्हा तिथे एक लाकडी लॉज होतं. वर शेकोटी, आणि खाली लांबलचक टेबलं मांडलेली एक खोली. घरून आणलेलं खायला ती खोली सगळ्यांना मोकळी होती. गोरे लोक सँडविच आणायचे. आम्ही भोगीची भाजी, तीळ लावलेल्या भाकरी, पुलाव आणि तिळाचे लाडू. साडीखाली स्नोबूट घालून बायका एकमेकींना कुंकू लावायच्या. एका वर्षी नागपूरच्या काकूंनी वाण म्हणून हात गरम ठेवायच्या पुड्या लुटल्या. इतकं उपयोगी वाण मला जन्मात कधी मिळालं नव्हतं. आणि एकदा कुणीतरी भाताचा इलेक्ट्रिक कुकर लावला, त्याने फ्यूज उडाला आणि वर भाड्याचे बूट देणारं काउंटर काळोखात गेलं. मालक खाली आला. आता हाकलून देणार, असं वाटून आम्ही डबे झाकायला लागलो. म्हातारा कुकरचं झाकण उघडून वास घेत उभा राहिला आणि म्हणाला, भात झालाय.

तेव्हापासून तो दर संक्रांतीला आमच्या टेबलावर यायचा. लाडू खायचा आणि जागेची गोष्ट सांगायचा. सांगायचा मलाच, कारण टेबलापाशी कायम मीच असायचे. त्याच्या वडिलांची इथे चेरीची बाग होती. हिवाळ्यात काम नसायचं, म्हणून वडिलांनी जुन्या ट्रकचं इंजिन टेकडीच्या पायथ्याशी ठोकून त्यावर दोर फिरता केला. गावातली मुलं दोर धरून वर जायची आणि घसरत खाली यायची. आई खिडकीतून सूप विकायची. मग दोराच्या जागी दोघांना बसता येईल अशा खुर्च्यांची लिफ्ट आली, मग लॉज, मग रात्रीचे दिवे, मग बर्फ पडला नाही तर बर्फ फवारणाऱ्या तोफा. चेरी एकेक करून गेल्या. बागेतलं राहिलं ते एकच. माथ्यावरून डोंगराला वळसा घालत खाली येणारा रस्ता. पेट्या भरलेला ट्रॅक्टर त्यावरून उतरायचा, म्हणून वडिलांनी तो अगदी बेताच्या उताराचा काढला होता. हिवाळ्यात तीच त्यांची सगळ्यात सोपी स्कीची वाट.

तो एकदा म्हणाला होता, "चेरी न चेपता उतरायच्या त्या रस्त्याने. तू का नाही उतरणार?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मला काही काळ्या खुणेच्या, म्हणजे सगळ्यात अवघड, कड्यावरून उड्या मारायच्या नव्हत्या. मला लिफ्टमध्ये बसून वर जायचं होतं, माथ्यावर उभं राहून पलीकडचं तळं बघायचं होतं आणि त्या रस्त्याने, माझ्या वेगाने, माझ्या पायांनी खाली यायचं होतं. बस, एवढंच.

एका वर्षी मी पायथ्याशी शिकवणी घेतली. स्कीची टोकं जवळ आणून मागचा भाग फाकवायचा, याला तिथे पिझ्झा म्हणतात. तो केला की थांबता येतं. पडले, उठले, दुपारपर्यंत मला थांबता यायला लागलं. शिकवणारी पोरगी म्हणाली, पुढच्या वर्षी तुम्ही वरून यायला तयार आहात.

पुढच्या वर्षी सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांना एकटं कसं बसवायचं? त्याच्या पुढच्या वर्षी एक नवं जोडपं तान्हं बाळ घेऊन आलं. मी बूट चढवले होते, शेवटचं बक्कल लावत होते, तेवढ्यात त्या बाळाची आई आली. "काकू, जस्ट पाच मिनिटं बघाल का याच्याकडे? एकच राइड करून येते." तिची पाच मिनिटं लिफ्ट बंद होईपर्यंत चालली. ते स्कीचे बूट घालून बसणं म्हणजे काय असतं, हे ज्याने घातलेत त्यालाच कळेल. पुढे कुणाचा गुडघा मुरगळला, कुणाचं जॅकेट, कुणाच्या पर्सेस, आणि डबे तर होतेच. दर वर्षी सकाळी सगळे घोळक्याने दाराशी जायचे आणि कुणीतरी वळून म्हणायचं, "डब्यांपाशी कोणीतरी हवं ना यार." कोणीतरी! त्या खोलीत एवढी माणसं असायची, पण कोणीतरी म्हटलं की सगळ्यांची मान माझ्याकडे वळायची. आणि मी बसायचे. दुपारी गाल लाल करून परत आले की भाकरी गरम का नाही म्हणून विचारायचे.

मुलगी तिथेच मोठी झाली. आधी बापाच्या दोन पायांमध्ये उभी राहून घसरायची, नंतर कड्यावरून दिसेनाशी व्हायला लागली. "आई, यू शुड सी द टॉप," असं एकदा म्हणाली होती. बघते ना, म्हटलं मी, आणि तिच्या ताटात पुलाव वाढला.

मग म्हाताऱ्याने जागा विकली. मुलांना नको होती आणि त्याचे गुडघे गेले होते. एका मोठ्या कंपनीने घेतली. त्यांनी झपाट्याने सगळं बदललं. सहाजणांची वेगवान लिफ्ट, पार्किंगचं आधी बुकिंग, काचेचं भलंमोठं नवं लॉज. गेल्या डिसेंबरात त्यांचा ईमेल आला. जुनं लॉज पाडलं आहे, आणि बाहेरचं खाणं आत आणायला बंदी आहे.

ग्रुपवर जो काही गदारोळ उठला तो विचारू नका. माजलेत, रेसिस्ट आहेत, आता दुसरीकडे जाऊ, त्यांच्याकडच्या पिझ्झ्याच्या एका तुकड्याला एवढे पैसे कोण देणार. मी सगळं वाचत होते आणि खरं सांगते, स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. डबे नाहीत! डबे नाहीत म्हणजे डब्यांपाशी कोणीतरी नको. माझ्या घरच्यांनी इतक्या वर्षांत जे केलं नाही ते एका कंपनीने केलं. मी त्या रात्रीपासून भिंतीला पाठ टेकून गुडघ्यांचे व्यायाम सुरू केले. नवऱ्याने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "काही नाही, पाठ धरलीये."

या जानेवारीत तिथे पोचल्यावर मी सगळ्यांच्या आधी गाडीतून उतरले, बूट भाड्याने घेतले, घातले आणि तिकिटाच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलाला म्हटलं, मला माथ्यावरून येणारा सोपा रस्ता करायचा आहे, वळसा घालून येतो तो. त्याने नकाशा माझ्याकडे वळवला. नवी लिफ्ट नेते तिथून फक्त निळ्या आणि काळ्या, म्हणजे अवघड आणि त्याहून अवघड, वाटा होत्या. नवशिक्यांना म्हणे आता वर जायची परवानगीच नाही. मी विचारलं, रस्ता गेला कुठे? त्याने काचेतून बोट दाखवलं. डोंगराच्या कुशीला, जिथून तो रस्ता वळायचा, तिथे ओळीने घरं उभी होती. दारातून थेट स्की करत निघता येतं म्हणून विकलेली. गच्च्यांवर गरम पाण्याचे टब, त्यांतून वाफा निघत होत्या.

मला संताप आला. कंपनीचा आला, त्या घरांचा आला, त्या बिचाऱ्या पोराचासुद्धा आला. आणि सगळ्यात जास्त आमच्या माणसांचा आला.

ती सगळी आतच होती, एका भिंतीसमोर गोळा होऊन फोटो काढत होती. कंपनीने त्या भिंतीवर जागेचा इतिहास लावलाय. बागेतला शेतकरी, ट्रकचं इंजिन, चेरीच्या पेट्या घेऊन उतरणारा ट्रॅक्टर. आणि शेवटी जुन्या लॉजमधली खालची खोली. लांब टेबल, त्यावर आमचे स्टीलचे डबे, आणि डब्यांच्या मागे मी. डब्यांना दाराबाहेर काढून भिंतीवर टांगलं होतं.

"आई! दॅट्स यू! यू आर हिस्टरी!" मुलगी म्हणाली. सगळे हसले.

मी म्हटलं, "मला वर जायचं होतं. दर वर्षी जायचं होतं."

नवरा अगदी मनापासून म्हणाला, "अगं, मग जायचंस ना. आम्ही कुठे म्हटलं होतं बसच म्हणून?"

खरंच कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथून निघाले.

पायथ्याशी आता लहान मुलांसाठी सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहिलं की तो उंचवट्यावर नेऊन सोडतो, उंची आमच्या घरातल्या जिन्याएवढी. हेल्मेट घातलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत मी उभी राहिले. वर गेले, पिझ्झा केला आणि खाली आले. पडले नाही. उतार संपतो तिथे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे त्या घरांपैकी पहिलं घर. चेरीचा रस्ता इथेच येऊन पोचायचा. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता.

"कुठेयस तू? आम्ही सगळे पार्किंगमध्ये आहोत. काकूंनी भाकरी आणल्यात, वहिनींनी पुलाव. आत नेता येत नाही ना, म्हणून डिकीत ठेवलंय सगळं. तू ये ना लवकर. आम्ही दोन राइड मारून येतो, डिकी उघडी टाकून कसं जाणार? गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं ना."

"मग थांब ना तू," मी म्हटलं.

फोन खिशात टाकला, चेन लावली आणि पुन्हा पट्ट्याच्या रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्यापुढे आठदहा पोरं होती.