सत्तरीपुढचं गणित

चौऱ्याहत्तर सालाच्या आसपास कराड-सांगली एसटीत विमा कचेरीतले एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसत. माणसं किती जगतील याचा हिशोब करणाऱ्या ॲक्चुअरीच्या परीक्षेला ते दरवर्षी बसत आणि तितक्याच निष्ठेनं नापास होत. अभ्यासाचं नियोजन मात्र राजेशाही! सोपे धडे आधी, मग तेच पुन्हा; अवघड सगळं ऑप्शनला.

एकदा त्यांचा अभ्यास कशाचा ते ऐकून पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "सायेब, माजं किती ऱ्हायलंय, सांगा की."

"सत्तरीपुढचं गणित अवघड आहे, आजी. मी ते सोडूनच दिलंय."

"व्हय? वरच्यानं बी तसंच केलंया. म्हातारा न्हेला, ल्योक न्हेला, आन् मला दिली सोडून."

गृहस्थांनी घाईघाईनं पुस्तक उघडलं आणि सोपा धडा काढला.