पाट

माझा आतेभाऊ विलास राऊळ गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता परळच्या एका रुग्णालयात वारला. वय सदुसष्ट. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तो शिवडीच्या गॅरेजमध्ये कामावर होता. मला फोन आला तो घरून नाही, गॅरेजमधून, इक्बालभाईंचा. विलासदादा आणि ते अडतीस वर्षं एकत्र गाड्या दुरुस्त करत होते. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, मागे शेजारच्या पत्रेवाल्याचा हातोडा चालू होता, आणि मग त्यांनी विचारलं, "शैलाबेन, वो पाठ का क्या करने का?"

पाठ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण त्या शब्दाची चूक माझी आहे. गाडीखाली काम करणाऱ्या माणसासाठी विलासदादाने एक चाकांची बैठक केली होती. लाकडाचे दोन भाग, मध्ये बिजागरी, खाली सहा लहान चाकं. मागचा भाग उभा केला की जमिनीपासून वीतभर उंचीची खुर्ची व्हायची, तिच्यावर बसून चाकाचं, ब्रेकचं काम करायचं. तोच भाग आडवा पाडला की त्यावर उताणं पडून, पायाने जमीन रेटत गाडीखाली सरकायचं. मधल्या तिरकसपणासाठी आरामखुर्चीला असतात तशा तीन खाचा होत्या. मान किती वर हवी, कंबर किती खाली हवी, ते त्या दिवशीच्या दुखण्यावर ठरायचं. बाजारात अशी वस्तू तयार मिळते, फोम लावलेली. ती त्याने वापरून पाहिली होती. फोम महिन्याभरात ऑइल प्यायला आणि फुगला. मग प्लायवुडची करून पाहिली. ती मधोमध वाकली आणि नेमकी जिथे कंबर टेकायची तिथेच झोळ पडला.

हे सगळं करायची वेळ आली कारण त्याची पाठ गेली होती. तीस वर्षं गोणपाट अंथरून, फरशीवर पडून त्याने टॅक्सी आणि गोदीतले ट्रक दुरुस्त केले. एका सकाळी गिअरबॉक्स उतरवताना कमरेतून कळ आली आणि त्याला चौघांनी उचलून बाहेर काढलं. तीन महिने तो लालबागच्या चाळीत खाटेवर होता. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर झोपून काम बंद, वाकणं बंद. इक्बालभाईंनी गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि म्हणाले, तू फक्त इंजिनाचा आवाज ऐक आणि काय बिघडलंय ते सांग, बाकी आम्ही बघतो. आठ दिवस तो त्या खुर्चीवर बसला. मी एकदा भेटायला गेले तेव्हा मांडीवर हात ठेवून, वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा बसला होता. मला बघून म्हणाला, "काय गो शैलू, माका प्रदर्शनात ठेवलो हा." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "खुर्चेर बसान गाडयेचो तळ दिसता काय?" तो माझ्याशी आणि आत्याशीच मालवणीत बोलायचा. बाकी जगाशी त्याची मराठी-हिंदी मिसळलेली असायची.

नववी इयत्ता सोडून तो या कामात आला तो त्याला दुसरं काही मिळालं नाही म्हणून. पण गाडीचा तळ ही त्याची जागा झाली होती. तिथून उठवलेला विलासदादा फार थकलेला दिसायचा, काम करून थकणाऱ्यापेक्षा जास्त. त्यामुळे ही बैठक त्याच्यासाठी गमतीची वस्तू नव्हती. ती जमली तर कामावर परत, नाही तर खुर्ची.

शेवटी ती जमली. प्लायवुडच्या जागी त्याने मागच्या भागाला फणसाच्या लाकडाचा एक पाट बसवला. फणस घट्ट असतो, ऑइल आत घेत नाही, वाकत नाही आणि त्या पाटाची लांबी-रुंदी खांद्यापासून कमरेपर्यंत बरोबर पुरत होती. मी तेव्हा एका दैनिकाच्या शहर पानावर उपसंपादक होते. पंधरा ओळींची जागा रिकामी होती. मी त्याला गॅरेजवर फोन करून विचारलं की या वस्तूला तुम्ही काय म्हणता. हातोडा चालू होता. तो ओरडून म्हणाला, "हेका आमी पाटच म्हणतव." मी 'पाठच' ऐकलं. पाठीसाठी केलेली वस्तू, पाठीवर पडून वापरायची वस्तू, शिवाय पाठीचंच दुखणं. मला शंका यायचं कारण दिसलं नाही, आणि ज्या शब्दाची शंका येत नाही तोच पुन्हा विचारायचा असतो, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवत असे. दुसऱ्या दिवशी मथळा छापून आला: 'शिवडीच्या गॅरेजमध्ये चाकांची पाठ'.

चूक मला त्याच संध्याकाळी इक्बालभाईंच्या बोलण्यावरून कळली. मी विलासदादाला फोन केला, माफी मागितली, उद्या दुरुस्ती छापते म्हणून सांगितलं. तो एकदम म्हणाला, "नको नको. रवांदे गो. बरा झाला." राहू दे, बरं झालं. मला वाटलं, मोठेपणाने म्हणतोय. मी दुरुस्ती छापली नाही. गॅरेजमध्ये कात्रण भिंतीला चिकटवलं गेलं आणि छापून आलंय म्हणून सगळे तेच म्हणायला लागले. तो पाट होता, ती पाठ झाली. "ए, मेरी पाठ किधर गयी?" असं कोणी ओरडलं की बाजूच्या टपरीवरची नवी गिऱ्हाइकं वळून बघायची. विलासदादा तर सकाळी गॅरेजचं शटर वर करतानाच विचारायचा, "माझी पाठ किधर है?" आणि इक्बालभाई रोज तेच उत्तर द्यायचे, "पीछे देख."

'बरं झालं' असं तो का म्हणाला, ते पाच महिन्यांनी कळलं. गणपतीची मूर्ती सांगायला जायचं तेव्हा आपला पाट मूर्तिकाराच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर बसवून घरी आणायची, ही राऊळांची गावाकडची रीत. चाळीतही ती त्यांनी सोडली नाही. कारखान्यात शंभर पाट एकमेकांवर रचलेले असतात, अदलाबदल होऊ नये म्हणून खालच्या बाजूला आडनाव घातलेलं असतं. विलासदादाची बायको, सुनंदावहिनी, लग्नात आलेले दोन जुळे पाट जुन्या साडीत गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवायच्या. त्यांतला एक गणपतीचा, त्याच्या तळाला 'राऊळ' कोरलेलं. त्या वर्षी त्यांनी गाठोडं खाली काढलं. आत एकच पाट होता. उलटा करून बघितला. तळ कोरा होता.

वहिनींचा फोन मला आला. त्यांनी कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "शैला, ती बातमी तू लिहिलीस ना? पाठ म्हणून?"

"वहिनी, ऐकण्यात चूक झाली माझी. तो म्हणाला होता..."

"बावीस वर्षं पेपरात आहेस. ट आणि ठ कळत नाही तुला?"

"खरंच सांगते, फोनवर हातोड्याचा आवाज होता."

"असू दे. भाऊ तुझा आहे. तू त्याच्याच बाजूने छापणार."

त्या बातमीत पाट असं आलं असतं, तर वहिनींनी त्याच दिवशी माळ्यावर चढून बघितलं असतं. ते आलं नाही म्हणून त्याला पाच महिने मिळाले, आणि तेवढ्यात तो पाठीचं दुखणं घेऊनही पुन्हा पूर्ण दिवस काम करायला लागला. दोन्ही पाट सारखे होते, घाईत तळ बघितला नाही, असं विलासदादाने नंतर सांगितलं. फणसाचा पाट बिजागरीला लावताना, त्याला सहा ठिकाणी भोकं पाडताना, तळ बघितला नाही, यावर वहिनींनी विश्वास ठेवला नाही. मी ठेवला का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याची खात्री करून घेण्याची वेळ आता गेली आहे.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी वहिनी गॅरेजवर गेल्या. लग्नानंतर पहिल्यांदा. पुढचं मी इक्बालभाईंकडून ऐकलं आहे. विलासदादा एका टॅक्सीखाली होता, फक्त पाय दिसत होते. वहिनी त्या पायांपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, बाहेर या." मग तो सरकत बाहेर आला, पाटावर उताणा, हातात पाना. उठला नाही. तिथूनच वर त्यांच्याकडे बघत राहिला. त्या ओरडतील म्हणून इक्बालभाई उगाचच एक टायर घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. वहिनींनी पाटाकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, आणि विचारलं, "दुखतंय?"

"हेच्यार दुखणा नाय," तो म्हणाला. त्यांच्याशी मालवणीत बोलण्याची त्याची पद्धत नव्हती.

त्यांनी दोन अटी घातल्या. त्या पाटाला पाय लावायचा नाही. आणि काम सोडाल त्या दिवशी पाट घरी आला पाहिजे. एवढं सांगून त्या चालत लालबागला परत गेल्या. त्या वर्षी गणपती दुसऱ्या पाटावर बसला. त्याच्या तळाला वहिनींनी रंगाने स्वतः आडनाव लिहिलं.

पहिली अट त्याने पाळली. बैठकीचा पुढचा भाग, जिथे पाय यायचे, प्लायवुडचाच ठेवला, आणि पाटावर फक्त पाठ आणि डोकं टेकेल असं माप धरलं. दुसरा कोणी बूट ठेवायला गेला तर इक्बालभाई अंगावर यायचे. "पैर हटा. गणपती का है." नव्या मेकॅनिकला यातलं काहीच माहीत नसायचं, मग त्याला पूर्ण गोष्ट सांगितली जायची, त्यात माझी बातमीही यायची, आणि मी गॅरेजवर गेले की कोणी तरी माझ्याकडे हसून बघायचं. दुसरी अट तो पुढे ढकलत राहिला. साठीला सोडतो म्हणाला. मग म्हणाला, हा एक ट्रक झाला की सोडतो. गेली दोन-तीन वर्षं तर वहिनी दर गणपतीत विचारायच्या, "पाट कधी येतोय?" आणि तो आरतीचं ताट पुसण्यात गुंग असल्यासारखं दाखवायचा. शेवटी मी त्याला पाहिलं तेव्हा तो बैठकीवर बसून ब्रेकचे पॅड बदलत होता. खूप दमलेला दिसत होता, बोलण्याआधी दोनदा श्वास घेत होता. मी म्हटलं, "दादा, पुरे झालं आता." त्याने पाट एक खाच मागे घेतला, टेकला. "पुरे झाला ता माका कळता गो," तो म्हणाला. "पण पाट घराक नेलो म्हणजे मगे माका पण घरातच बसाक व्हया..." घरी परतताना मला वाटलं होतं की पुढच्या वेळी यावर नीट बोलू.

इक्बालभाईंचा प्रश्न मी वहिनींना तेराव्यानंतर सांगितला. त्यांना वाटलं मी विचारतेय की पाट गॅरेजमध्येच राहू द्यायचा का. "काम सुटलं ना आता?" त्या म्हणाल्या. "मग आणायला सांग."

शनिवारी दुपारी इक्बालभाई टॅक्सीतून ती बैठक घेऊन आले आणि गोणपाटात गुंडाळून दोन मजले चढले. सोबत मदतीला कोणाला आणलं नव्हतं. त्यांनी ती दारातच ठेवली, आत आले नाहीत. वहिनींनी बोलावलं तेव्हा चपला काढून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले, दम खात. वहिनींनी बैठक आडवी केली, मग कुशीवर वळवून तळ बघितला. 'राऊळ' होतं. 'ऊ'वरून एक भोक गेलेलं होतं, पण वाचता येत होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि बोटाला आलेलं ऑइल पदराला पुसलं.

"चक्के निकाल देता हूं, भाभी," इक्बालभाई म्हणाले. "पाना लाया हूं."

"असू देत," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी ती पोटमाळ्याच्या शिडीखाली ठेवली. चाळीच्या फरशीला गॅलरीकडे उतार आहे, बैठक हळूहळू दाराकडे सरकायला लागली. इक्बालभाईंनी हात पुढे केला, पण वहिनींनी टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं, चारदा दुमडलं आणि पुढच्या चाकाखाली घातलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तरी नीट छाप."

त्या बातमीतल्या मथळ्यात 'चाकांची पाठ' असं छापलं होतं, त्याऐवजी 'चाकांचा पाट' असं वाचावं. पाट फणसाचा आहे, तळाला आडनाव कोरलेलं आहे. तो सध्या लालबागला, राऊळांच्या घरी आहे. चाकं काढलेली नाहीत.