सही जुळत नाही

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, हडपसरच्या एका प्राथमिक शाळेत माझ्या मामेसासऱ्यांनी दुसरीतल्या श्रद्धा नावाच्या मुलीला तिचेच दोनशे रुपये द्यायला नकार दिला. सही जुळत नव्हती.

मामा बँकेत चौतीस वर्षं कॅशियर होते. या काळात त्यांनी एकही रुपया चुकीच्या माणसाला दिला नाही, आणि योग्य माणसालाही सहजासहजी दिला नाही. निवृत्त झाल्यावर ते शनिवारी या शाळेत वर्गातच मुलांची छोटी बँक चालवून पैशाचे व्यवहार शिकवू लागले. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शाळा असते, मामा नसतात. त्या दिवशी बँका बंद. वर्गातल्या टेबलाला त्यांनी दोरीनं पेन बांधलं आहे. "मुलांवर विश्वास नाही का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "मुलांवर आहे. पेनावर नाही." मुलं दहा-वीस रुपये भरतात, पासबुकात नोंद करून घेतात. काढायचे असतील तर स्लिप भरायची आणि तीवर 'गरज' किंवा 'हौस' यांपैकी एकावर खूण करायची. सात वर्षांच्या खातेदारांनाही मामा अहो-जाहो करतात. माझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला बँकेत नेऊन रिकरिंग खातं उघडायला लावलं होतं. मी वर्षभर कुरकुरलो. पुढे आमच्या वर्तमानपत्राची आवृत्ती बंद पडली, तेव्हा सात महिन्यांचं घरभाडं त्या खात्यातून गेलं. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही. आभार मानायला गेलो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अहो, मुदतीआधी मोडलंत? व्याज किती बुडालं?"

त्या शनिवारी त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून सोडलं आणि मागच्या बाकावर बसलो. श्रद्धाला सिंहगडच्या सहलीला जायचं होतं. सहलीचे दोनशे रुपये भरायची मुदत त्या दिवशी बारापर्यंत होती. घरून मिळणार नाहीत, हे आईनं तिला आधीच सांगितलं होतं. जूनपासून साठवलेले दोनशे चार रुपये, एवढंच तिच्याकडे होतं. स्लिपवर तिनं 'हौस'वर खूण केली होती. बाकीचा वर्ग कायम 'गरज'वर करतो.

"अहो श्रद्धाताई, जूनमध्ये आपण 'शरदा' अशी सही केलीत. आज 'श्रद्धा' आहे."

"तवा जोडाक्षर येत नव्हतं. आता येतंय."

"मग आज जुनी करा. लगेच देतो."

"ते चुकीचं हाय."

"बँकेला चालेल."

"बाईंना नाय चालणार."

मामांनी चष्मा काढून पुसला. नियमात एक वाट होती: दोन खातेदारांनी ओळख द्यायची. "यांना कोण ओळखतं?" त्यांनी विचारलं. सगळा वर्ग उभा राहिला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी सह्या केल्या. मामांनी त्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. 'क्रुश्ना'चा 'कृष्णा' झाला होता आणि 'प्रग्या'ची 'प्रज्ञा'. दोन्ही ओळखी बाद झाल्या. बाराला सोळा मिनिटं कमी होती.

"मग माझी सहल?" श्रद्धानं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

मामा जूनच्या सह्यांवरून बोट फिरवत राहिले. नोटा मोजतानाही ते बोट इतकं हळू फिरताना मी पाहिलेलं नव्हतं. "सहा महिन्यांत सगळेच बदललात की हो," ते म्हणाले, आणि त्यांनी कोरं पान काढून वर लिहिलं: नमुना सह्या, सुधारित. पहिली सही श्रद्धाची घेतली. दुसरी कोणाची घेण्याआधी तिचे पैसे काढून समोर ठेवले. तिनं ते, शिकवल्याप्रमाणे, टेबल न सोडता दोनदा मोजले.

"बरोबर हायत."

"मग पळा आता."

अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी तिनं पैसे बाईंकडे भरले आणि पावती घेतली.

सहलीची बस मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निघाली. श्रद्धा बसमध्ये होती. मामा सव्वासहापासून शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते.